ऑरेंज अलर्ट आलाय, मनालीला जावं का? (बुधवारचं विमान, सोबत सासूबाई आणि ७ वर्षांची लेक)

शेवयांची_खीर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही घाबरून. बुधवारी सकाळचं पुणे-चंदीगड विमान आहे, उतरल्या उतरल्या टॅक्सी करून मनाली, रात्रीपर्यंत पोचायचं असा बेत. आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई (वय ६८, गुडघे बेताचे पण हौस दांडगी). चार रात्री मनाली, एक चंदीगड, सोमवारी परत. आज दुपारी बघते तर हवामान खात्याचा इशारा, कुल्लू आणि लाहौल-स्पितीला गुरुवार-शुक्रवार ऑरेंज, जोरदार हिमवृष्टी, रस्ते बंद होण्याची शक्यता वगैरे वगैरे. आणि गुरुवारीच आमचं मनालीच्या वरचं सोलंग, अटल टनेल आणि टनेलच्या पलीकडचं सिस्सू ठरलंय.

नवरा म्हणतो बर्फ बघायलाच चाललोय ना, मग बर्फ पडणार म्हणून कसली रडतेस. हॉटेलवाला म्हणतो "मॅडम कुछ नहीं होगा, सब खुला है". एजंट म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे तिघांपैकी एकालाही माझ्या प्रश्नात रस नाही.

तर ऑरेंज म्हणजे नेमकं किती घाबरायचं, जावं का, आणि गेलो तर टनेलच्या पलीकडचा नाद सोडावा का? आणि प्लीज "आम्ही ९८ साली गेलो होतो तेव्हा असलं काही नव्हतं" छापाचे प्रतिसाद नकोत.

नाना_पेठी | ९.४६

आम्ही ९८ साली गेलो होतो तेव्हा टनेलच नव्हता.

शेवयांची_खीर | ९.४७

आले!!

ढगफुटी | १०.२०

खीरबाई, आधी रंगांचं बघू. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. आपल्या पुणेकरांचा घोळ असा की जुलैमध्ये घाटमाथ्याला ऑरेंज आणि रेड सारखेच लागलेले असतात आणि तरी लोक ताम्हिणीत भजी खाऊन परत येतात, त्यामुळे या रंगाची भीतीच मेलीये. पण पाऊस पडतो आणि वाहून जातो, बर्फ पडतो तो रस्त्यावर बसून राहतो आणि रात्री गोठतो. ढोबळ हिशोब असा की १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १ सेंटीमीटर ताजा भुसभुशीत बर्फ. म्हणजे ३० मिमी पाऊस, जो आपल्याकडे एका संध्याकाळी पडतो आणि सिंहगड रोडला फक्त ट्रॅफिक जाम होतो, तोच तिकडे रस्त्यावर फूटभर थर होतो.

दुसरं म्हणजे उंची. मनाली साधारण २०५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मी) बरंच वर. टनेलचं अलीकडचं तोंड ३०६० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान ६-६.५ अंशांनी उतरतं असं धरा, म्हणजे मनालीत ४ अंश आणि भुरभुर पाऊस चालू असेल तेव्हा वर उणे २ आणि धो धो बर्फ असू शकतो. खाली हॉटेलच्या खिडकीतून बघून "काही नाही रे, पाऊसच आहे" म्हणत निघालेले लोक वर जाऊन अडकतात ते यामुळे.

हे सगळं येतं पश्चिमी झंझावातातून, वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान करत येतात आणि हिमालयाला धडकून तिथे सगळं रिकामं करतात. चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे हा इशारा उगाच दिलेला नाहीये. मौसम अ‍ॅप टाकून घ्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ जिल्हावार इशारा बघा, सोमवारचा स्क्रीनशॉट घेऊन गुरुवारी फिरू नका.

अवांतर: शिवाजीनगरच्या शिमला ऑफिस चौकाचं नाव याच खात्यामुळे पडलंय. १९२८ ला मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, १९४४ ला दिल्लीला गेलं, चौक मात्र शिमलाच राहिला.

नाना_पेठी | १०.३१

म्हणजे त्या थंडीला कंटाळून हवामानवालेच पुण्यात आले होते, आणि तुम्ही पैसे भरून तिकडे चाललाय. विचार करा.

उडती_तबकडी | ११.०५

खीर, मी सांगते काय होतं ते. २७ डिसेंबर २०२४. बातम्यांत वाचलं असेल, सोलंगला अडकलेल्या साधारण पाच हजार पर्यटकांना कुल्लू पोलिसांनी बाहेर काढलं, त्या पाच हजारांतले चार आम्ही.

सकाळी अकराला वर गेलो तेव्हा छान ऊन होतं. अडीचला भुरभुर चालू झाली आणि अख्खं पब्लिक वेड्यासारखं नाचायला लागलं, रील काय, गाणी काय, आम्हीपण त्यातच. टॅक्सीवाला तीनदा सांगून गेला की चला आता निघू आणि आम्ही तीनदा म्हटलं पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आम्हाला नऊ तासांना पडली. चारच्या पुढे रस्ता काचेसारखा झाला. पुढची गाडी हळूच आडवी झाली, मग तिच्या मागची, मग कुणीच हलेना. ब्रेक लावलेल्या उभ्या गाड्या उतारावर आपोआप घसरत होत्या, आत माणसं बसलेली आणि ड्रायव्हर बाहेर उतरून हाताने गाडी थोपवतोय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पेट्रोल संपेल म्हणून हीटर दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद. सहा माणसांत अर्धा किलो बाकरवडी (तेव्हापासून मी कुठेही जाताना एक किलो नेते). आणि बायकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न कुठला ते लिहायला नको. आडोसाच नसतो, सगळीकडे पांढरं आणि हेडलाइट.

पोलीस आले, एकेक गाडी हाताने काढत होते, त्या पोरांना खरंच सलाम. पण तुझ्यासोबत ६८ वर्षांच्या बाई आणि सात वर्षांची पोर आहे. आम्ही शेवटी बरंच अंतर चालत उतरलो, ते त्यांना जमलं असतं का?

शेवयांची_खीर | ११.१२

नवऱ्याला वाचायला दिलंय. गप्प बसलाय. :)

अर्धा_लिटर | मंगळवार, सकाळी ८.१५

धागा हायजॅक करतोय, माफी. आम्ही चौघं मित्र शुक्रवारी रात्री पुण्याहून स्वतःच्या डिझेल एसयूव्हीने निघतोय, मनालीला. गाडी फोर बाय टू (इंजिनची ताकद दोनच चाकांना) आहे पण ग्राउंड क्लिअरन्स भारी आहे. चालून जाईल ना?

गिअरबॉक्स | ९.०२

ग्राउंड क्लिअरन्स खड्ड्यासाठी असतो राजा, घसरण्यासाठी नाही. आणि फोर बाय फोर असती तरी ती तुला वर चढवेल, थांबवणार नाही. थांबायला चारही टायरला जी पकड लागते ती बर्फावर कुणाचीच नसते, वीस लाखाच्या गाडीची पण नाही. जोराची बर्फवृष्टी झाली की प्रशासन मनालीच्या वर नेहरू कुंडापासून पुढे फक्त फोर बाय फोर सोडतं, त्यामुळे तुझी गाडी तशीही खालीच राहणार.

आता नीट ऐक, दिसणाऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा वाईट. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी रस्त्यावर पातळ पारदर्शक थर होऊन गोठतं, ब्लॅक आइस. ओला डांबरी रस्ता वाटतो आणि तुम्ही त्याच्यावर आरामात साठने येता. तिकडचे ड्रायव्हर "पाला जमा है" म्हणतात तेव्हा समजायचं. सावलीतली वळणं आणि पूल इथे हमखास, कारण पुलाला खालून पण गार हवा लागते. तिथे ब्रेक नाही, स्टीअरिंगला झटका नाही, आधीच दुसऱ्या गिअरमध्ये येऊन नुसतं सरकत जायचं. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवायचं आणि मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे.

चेन लावायची तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना. फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढे. मागच्या चाकांना लावून "चेनचा काही उपयोग नाही" म्हणणारे महाभाग मी बघितलेत. आणि लावायची प्रॅक्टिस इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कर, वॉचमन हसला तरी चालेल, उणे पाचला सुन्न बोटांनी पहिल्यांदा कडी लावायला बसशील तेव्हा रडशील.

डिझेलचं म्हणशील तर कडक थंडीत त्यातलं मेण धरायला लागतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ ला मुद्दाम उणे ३३ पर्यंत न गोठणारं विंटर ग्रेड काढलं ते त्याचसाठी. मनालीत एवढी वेळ सहसा येत नाही पण पुण्याहून टाकी भरून तेच वर नेऊ नकोस, खाली संपवत जा आणि तिकडच्या पंपावर भर. कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी घातलं असशील तर आजच बदल. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नको, गोठून बसतो. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. वायपर उचलून ठेव, नाहीतर सकाळी काचेला चिकटलेले मिळतील. आणि काचेवर गरम पाणी ओतू नको!! तडकते. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय.

अर्धा_लिटर | ९.२०

वॉचमन ऑलरेडी हसतोय.

मिनेसोटाचा_मामा | ९.४४

इथे उणे पंचवीसमध्ये बसून लिहितोय. आमच्याकडे वॉच आणि वॉर्निंग वेगळे असतात, वॉच म्हणजे वादळ येऊ शकतं, वॉर्निंग म्हणजे आलंच आहे किंवा येतंय, घरी बसा. आणि लोक खरंच बसतात. कपड्यांचं सांगतो: जीन्स नको. सुती कापड एकदा भिजलं की अंगावर बर्फाची लादी. आतून थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वरून पाणी न शिरणारं काहीतरी. मुलीला मोज्यांचे जास्तीचे तीन जोड. गाडीत ब्लँकेट, टॉर्च, छोटं फावडं, वाळूची पिशवी...

नाना_पेठी | ९.५०

मामा, विमानात पंधरा किलो नेऊ देतात. त्यात वाळू नेली तर सासूबाई ठेवाव्या लागतील.

निवृत्त_सुभेदार | ११.३०

ताई, मी सैन्यात होतो, द्रास आणि झोजिलाच्या बाजूला चार हिवाळे काढले, आता दिघीला असतो. बाकीच्यांनी चांगलंच सांगितलंय, मी तीन गोष्टी सांगतो ज्या कुणी सांगत नाही.

एक. गाडी बर्फात अडकली आणि इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलात तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ काढायचा. बर्फाने नळी बुजली की धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपतो आणि उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला किमान २२ माणसं बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये गेली, त्यातली बरीच या विषारी वायूने. लहान मुलांसकट अख्खी कुटुंबं होती. एक काच बोटभर उघडी ठेवायची, थंडी लागली तरी. हॉटेलच्या खोलीतसुद्धा कोळशाची शेगडी, बुखारी पेटवून सगळं बंद करून झोपायचं नाही. वीज गेली की हॉटेलवाले प्रेमाने शेगडी आणून देतात. हात शेकायचे आणि झोपायच्या आधी बाहेर काढायची.

दोन. बर्फ पडताना माणूस घाबरलेला असतो म्हणून जपून असतो. बर्फ थांबला, निळं आभाळ निघालं की सगळे सुटतात. नेमका तोच दिवस हिमस्खलनाचा. ताजा जड थर, त्यावर ऊन, आणि वरून सुटतो. चंदीगडला डीआरडीओची संस्था आहे, डीजीआरई, ती हिमस्खलनाचा वेगळा इशारा काढते, हवामानाच्या इशाऱ्यासोबत तोही बघायचा. मागे फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी उत्तराखंडात माणा गावाजवळ बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटना) कामगारांच्या छावणीवर बर्फाचा कडा आला, ५४ पैकी ८ जण गेले. ती माणसं बर्फातच काम करणारी होती. रस्त्यात डोंगराची घळ उतरून येते त्या तोंडाशी फोटोसाठी गाडी थांबवायची नाही, कितीही सुंदर दिसली तरी.

तीन. रस्ता उघडणारी ग्रेफची (बीआरओचंच दल) पोरं, पोलीस, जेसीबीवाला "रुको" म्हणाला की वाद घालायचा नाही. "हमने होटल का पैसा भरा है" हे वाक्य त्यांनी लाख वेळा ऐकलेलं असतं.

माझं मत म्हणाल तर बुधवारी मनालीपर्यंत जाऊच नका, अंधारात पोचाल. कुल्लूला थांबा आणि शनिवारी वर जा.

ढगफुटी | ११.५२

सुभेदारसाहेब, सगळं मान्य पण शेवटच्या ओळीशी असहमत. इशारा गुरुवारपासून आहे, बुधवारी रात्री रस्ता कोरडा असणार. पोचून घ्यावं आणि दोन दिवस हॉटेलात बसून बर्फ बघावा, कुल्लूत बसून काय बघणार, सफरचंदाची वाळकी झाडं?

निवृत्त_सुभेदार | १२.१०

साहेब, बर्फ वेळापत्रक बघून येत नाही, बुधवारी रात्री दहालाच आला तर? आणि दोन दिवस वीज नाही, पाणी गोठलेलं, म्हातारं माणूस, डॉक्टर खाली. कुल्लू तेराशे मीटरच्या आत, म्हणजे आपल्या सिंहगडाएवढंच. तिथे अडकलं तरी माणूस अडकल्यासारखं होत नाही.

गिअरबॉक्स | १२.२५

सुभेदारांना +१. विमान, मग आठ-नऊ तास टॅक्सी, आणि शेवटचा तासभर अंधारात वळणं, ड्रायव्हर पण माणूसच आहे.

हिमगौरी | दुपारी २.१५

अगं मग काश्मीरला जा ना, असं मी लिहिणार होते पण तिकडेही तोच झंझावात असतो, उपयोग नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी चिल्लई कलानमध्ये गेलो होतो (२१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस). पुढे कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये आपलं इकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. ऐन बर्फात अडकल्यावर फोन मेलेला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दुसरं, जम्मू-श्रीनगर रस्ता रामबन-बनिहाल पट्ट्यात दरडींनी सारखा बंद पडतो आणि बर्फात विमानं पण रद्द होतात. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वे चालू झालीये, तो पर्याय हाताशी ठेवायचा.

आणि एक सांगते, डिसेंबर २०२४ च्याच त्या बर्फात सोनमर्गच्या रस्त्यावर गुंड गावात अडकलेल्या पर्यटकांसाठी लोकांनी मशीद उघडून दिली होती झोपायला. आमचा ड्रायव्हर ते अभिमानाने सांगत होता.

झेलमवाला | २.४०

विमानाचंही गृहीत धरू नका. जानेवारीत दिल्ली, चंदीगड सगळं धुक्यात. हवामानामुळे विमान रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान देतात पण नुकसानभरपाई मिळत नाही. म्हणून परतीच्या आदल्या दिवशी चंदीगडचा मुक्काम ठेवलाय ते एक झ्याक केलंत. मी झेलमने जम्मूला जायचो तेव्हा पुणे स्टेशनवरूनच पुस्तकं दोन घ्यायचो, एक प्रवासाचं आणि एक धुक्याचं.

शेवयांची_खीर | रात्री १०.३०

ठरलं. बुधवारी कुल्लू. मनालीच्या हॉटेलला फोन केला, आधी नाही म्हणाला, मग मी गोड बोलून आणि मग जरा कमी गोड बोलून दोन रात्री पुढच्या वर्षीसाठी जमा करून घेतल्या. टनेल रद्द. ११२ आणि जिल्ह्याचा आपत्ती नंबर १०७७ दोन्ही सेव्ह केलेत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दुप्पट. बाकरवडी एक किलो.

शेवयांची_खीर | गुरुवार, रात्री ८.०५

कुल्लूतून. दिवसभर पाऊस आणि कमालीची बोचरी थंडी, बर्फाचा कण नाही. नवरा खिडकीत उभा राहून दर तासाला "बघ, काहीच नाहीये" म्हणत होता. लेक रडून झोपली. ढगफुटी, तुम्ही बरोबर होतात बहुतेक आणि मी तुम्हाला ते आयुष्यभर ऐकवणारे.

शेवयांची_खीर | शुक्रवार, सकाळी ११.१०

मनालीच्या हॉटेलचा फोन आला. रात्रीत दीड फूट, वीज नाही, नळ गोठलेत, वरचा रस्ता बंद. "सब खुला है"वाला तोच माणूस आज म्हणतो "मॅडम अच्छा किया". नवरा खिडकीतून बाजूला झालाय.

ढगफुटी | ११.१५

सुभेदारसाहेबांना दंडवत. मी गप्प.

निवृत्त_सुभेदार | ११.४०

गप्प कशाला, अंदाज तुमचाच बरोबर आला ना, गुरुवार म्हणालात गुरुवारीच पडला.

शेवयांची_खीर | शनिवार, रात्री ९.३०

पोचलो! दहाला निघालो, जेसीबीने रस्ता मोकळा केलेला, तरी चाळीस किलोमीटरला तीन तास. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि ड्रायव्हर सावलीच्या प्रत्येक वळणावर "जय माता दी" म्हणून दुसरा गिअर टाकायचा. ऊन लख्ख आहे, सगळे टॅक्सीवाले सोलंगला चला म्हणून मागे लागलेत, सुभेदारांचा मुद्दा क्रमांक दोन आठवून नाही म्हटलं. हॉटेलच्या अंगणातच गुडघाभर बर्फ आहे, लेकीला तेवढा पुरे, आणि सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि बर्फाचा गोळा करून मुलाला नेम धरून मारला. नेम चुकला नाही.

ज्या माणसाला बर्फाची भीती नव्हती तो संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवरच्या ब्लॅक आइसवर सपशेल बसला. काही मोडलं नाहीये. उशी घेऊन जेवला.

गिअरबॉक्स | ९.४१

दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं होतं. @अर्धा_लिटर, तुमचं काय?

अर्धा_लिटर | १०.१५

राजस्थानात आहोत. रस्त्यावर धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाहीये, ढाब्यावर गाडी लावून चहा पितोय, उजाडल्यावर बघू. चेन दोन मिनिटं चाळीस सेकंदांत लागते आता. खीरताई, ते वर भाड्याने गमबूट मिळतात ते कितीला पडले?

शेवयांची_खीर | १०.२२

तीनशेला जोडी, आणि डाव्याला भोक आहे. मोजे न्या.